गजऱ्याच्या गाठीचा फोटो

दुपारपासून एकच फोटो इकडून तिकडे हलवतेय. एका वेबसाइटसाठी 'गजरा कसा करावा' हे लिहून झालंय, पण गाठीचा फोटो काही केल्या बसत नाही. डावीकडे ठेवला की शेजारची अक्षरं कडेला चेंगरतात. मधे घेतला तर कॉम्प्युटरवर छान दिसतो आणि मोबाइलवर घसरून थेट 'तयार गजरा ओल्या फडक्यात ठेवा' याच्या खाली जातो. वैताग नुसता!

फोटो आईचा आहे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती मोगऱ्याच्या कळ्या गुंफत होती आणि मान वर करून मला काहीतरी सांगत होती. फोटो मोठा होतो म्हणून मी आधी मागची खिडकी कापली, मग तिचा चेहरा, मग खांदे, मग बांगड्याही. शिकणाऱ्याला बोटं दिसली म्हणजे झालं. ती काय सांगत होती, ते मात्र आठवत नाही. आणि त्या फोटोवरून माझा हात निघत नाही, जणू तो नीट जागेवर बसला की ऐकू येईल.

शेवटी बसला एकदाचा. मी मोबाइल आईपुढे धरला. तिनं चष्मा लावून तो अगदी डोळ्यांजवळ नेला.

"गाठ छान मारतेय," ती म्हणाली. "पण कोण गं ही? हात किती थकलेत बिचारीचे."

मी मोबाइल काढून घेतला आणि कापलेला चेहरा परत आणायला बसले. आता फोटो घसरला तर घसरू दे.