दाढा गेल्या, कळ तिथंच

मंडळी, आज चाळीच्या फळ्यावरच्या बातम्या पुसून मी माझं लिहितोय.

महिना झाला, गिरणीचा दुपारचा भोंगा वाजला की माझ्या उजव्या डोळ्यामागं सुरी खुपसल्यागत कळ येते. डोळा गळतो, गाल पेटतो, तासाभरानं सगळं थांबतं.

आज सकाळी गिरणीचे डॉक्टर म्हणाले, "तू मागावरचा विणकर. कापड विणायच्या धोट्याच्या भोकातनं धागा रोज तोंडानं ओढतोस, त्यानं दाढा किडल्यात."

"डोळ्यामागं दुखतंय की, सायब. दाढ दुखत न्हाय."

ऐकतो कोण? दोन दाढा उपटल्या.

दुपारी भोंगा झाला आणि कळ आलीच. वर आता गाल बधिर झालाय, दाढा उपटताना शीरच दुखावली असणार. जॉबर, आमच्या खात्याचा मुकादम, म्हणतो, नाटकं करतोस.

दोन्ही दाढा फळ्याखाली कागदावर ठेवल्यात. कीड सापडली तर मला दाखवा, नाही सापडली तर डॉक्टरला.