पूजेतली बेरिंग

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

खैरलांजीच्या घरी बाबांची जुनी जीप आहे. आज अंगणातच तिच्या मागच्या शाफ्टची बेरिंग बदलायला घेतली. १९७२ साली हे काम बाबांचे जिवलग मित्र, गोविंदा मिस्त्री यांनी केलं होतं. तेव्हा काढून दिलेली जुनी बेरिंग बाबा अजून दर दसऱ्याला अवजारांसोबत पूजेत मांडतात.

नमुना म्हणून, बाबांना न विचारता, तीच घेऊन सकाळी गोंदियाला गेलो आणि तशीच नवी आणली. ती शाफ्टवर चढेचना! जीपमधून निघालेली शेजारी ठेवली, तर ती चांगलीच मोठी. म्हणजे पूजेतली बेरिंग आमच्या जीपची कधी नव्हतीच. गोविंदाकाकांनी भलत्याच गाडीचं भंगार बाबांच्या हातात दिलं आणि आमची जुनीच धुऊन, ग्रीस लावून परत बसवली.

अन् याच माणसाच्या तिरडीला मी खांदा दिला!

"बाबा, काकानं फसवलं तुमाले."

"हौ. आठ दिवसांत तोच आवाज आलता. तवाच समजलं."

"मंग पूजा काहून केली?"

"दसऱ्याले सोनं द्याले तो येये ना. त्यानं पाहावं म्हणून मांडत होतो."

"काही बोलले काका?"

"नाही. दरसाली तिले हात जोडे. माह्याकडे मात्र मान वर करून पाहे नाही."

बाबांनी त्यांना माफ केलं असेल. मला मात्र दोघांनीही फसवल्यासारखं वाटतंय. तुम्हीच सांगा, येत्या दसऱ्याला ती पूजेत मांडू की भंगारात टाकू?