गोमेच्या बरणीतल्या चिठ्ठ्या

माझी शेजारीण कुंदा संग्रहालयात गोमींची ओळख पटवून त्यांना नावं देण्याचं काम करते. काल मी तिच्याकडे संग्रहालयात गेले, तेव्हा ती जुन्या बरणीतली एक गोम भिंगाखाली धरून तिचे पाय मोजत होती.

"नाव चुकलंय गं हिचं," ती म्हणाली. मग शिसपेन्सिलीने नवं नाव लिहून तिने ती चिठ्ठी बरणीतल्या स्पिरिटमध्ये सोडली. आत आधीच्या दोन चिठ्ठ्या होत्याच.

"अगं, त्या जुन्या काढ की!"

"छे! जुनी चिठ्ठी कधीच काढायची नाही. त्या नावानेही ही कुणाच्या तरी ओळखीची होती."

मला हसूच आलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव उमटलं आणि सुधाची मी मृणाल झाले. मृणाल म्हणून मजेत जगलेही, तक्रार नाही. पण सुधाची चिठ्ठी कुणी जपली नाही. आणि ही गोम बघा, तीन-तीन नावं घेऊन ऐटीत पहुडलेली!

निघताना दारावरच्या वहीत माझ्या "मृणाल"शेजारी मी "सुधा" लिहिलं.

पहारेकरी गोंधळला. "बाई, दोघी आला होतात का?"

"नाही हो," मी म्हटलं, "एकटीच. फक्त चिठ्ठ्या दोन आहेत."