पलीकडचा गोल

शहरातल्या मोठ्या मैदानाची मला गोडी नाही. मी आणि माझा दोस्त दत्तू रविवारी एसटीनं खेडोपाडीची फुटबॉलची मैदानं बघायला जायचो. कुठं गोलाला बांबूचे खांब, कुठं पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर बसलेली म्हैस. दोघंही हट्टी. तो एका गोलामागं बसायचा, मी दुसऱ्यामागं. हाफटाइमला मधल्या रेघेवर भेटून आपापल्या बाजूचं सांगायचो. "मर्दा, मॅच माझ्याकडं झाली. तुझ्याकडं नुसती धूळ," असं तो दरवेळी म्हणायचा.

दत्तू उन्हाळ्यात वारला. काल एकटाच गेलो. पलीकडच्या गोलापाशी धुरळा उठला, ओरडा झाला. शेजारच्यानं विचारलं, "मामा, गोल कुणी मारला?"

"थांब की. आमचा माणूस हाय तिकडं, हाफला सांगल," मी सवयीनं बोलून गेलो.

शिट्टी झाली. बोललो होतो म्हणून उठलो, मधल्या रेघेपर्यंत गेलो. पलीकडून कोण येणार? एवढ्या मॅची बघितल्या म्हणून मी मिरवायचो. बघितल्या अर्ध्याच, बाकीच्या अर्ध्या दत्तूच्या डोळ्यांनी.

परत येऊन बसलो.

"काय म्हणाला तुमचा माणूस?"

"तिकडं नुसती धूळ हाय," मी म्हणालो.