कोठीसकट मोजा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात. खोटं नाही. पण वाशिमच्या चौकात त्या दिवशी मी चिडले, ती माझं म्हणणं खरं होतं म्हणून.

आमचं काम तसं सोपं. चौकातल्या खांबावर एक डबा बसवला होता. आडव्या रस्त्याने ट्रक आला की तो बिनतारी संदेश सोडायचा आणि गाडीतलं यंत्र बीप वाजवून चालकाला सावध करायचं. संदेश किती लांबून पोचतो, वाटेत किती गळतात, हे मी लॅपटॉपवर मोजायचे. त्यासाठी शेलूबाजार-वाशिम सवाऱ्या नेणारी एक जीप ठरवली होती आणि तिच्या टपावर बोटभर अँटेना चिकटवली होती. डिप्लोमाची तीन वर्षं मी याच जीपमध्ये अर्ध्या सीटवर बसून आलेले, त्यामुळे ड्रायव्हरकाका मला अजून ‘पोरी’ अशीच हाक मारायचे.

सकाळी रिकाम्या जीपने फेऱ्या मारल्या. आकडे झकास आले. पुण्याहून आलेले साहेब खूश होऊन चहाला गेले.

दिवस बाजाराचा होता. दुपारी काकांनी परतीच्या सवाऱ्या भरल्या. टपावर पोती, एक सायकल, आणि नेमकी अँटेनावर एका म्हातारीची नवीकोरी पत्र्याची कोठी, धान्य ठेवायची, आत माणूस मावेल एवढी. मी लॅपटॉप चालूच ठेवला. बीप वाजली तेव्हा जीप चौकाच्या मधोमध होती. तिथे सावध होऊन काय उपयोग? आम्ही वळून पुन्हा आलो. पुन्हा तेच; कोठीचा पत्रा संदेश अडवत होता.

साहेबांनी स्क्रीन पाहिली. "हे रीडिंग काढून टाक. ही काय नॉर्मल गाडी आहे?"

माझं डोकंच फिरलं. "याच गाडीतून आमच्या पोरी कॉलेजला जातात, बायका बाळंतपणाला येतात. नॉर्मल नाही ती तुमची सकाळची रिकामी जीप. अँटेना दुसरीकडे बसवून बघू या."

"नियमात टपावरच लिहिलंय. आकडे काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

काका हळूच जवळ आले. "पोरी, कोठी उतरवू काय? पाच मिन्टाचं काम हाय. कायले नोकरी घालवून राह्यली?"

मी उत्तर द्यायच्या आत म्हातारी खिडकीतून कडाडली, "माही कोठी काहून उतरवता? म्या एकटीच नेऊन राह्यली काय टपावर सामान? मोजाचं असन तं कोठीसकट मोजा!"

सवाऱ्या हसल्या. साहेब हसले नाहीत. मला मात्र त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले, कारण इतका वेळ मी जे तावातावाने सांगत होते ते तिनं एका दमात सांगितलं होतं. मी दोन्ही आकडे अहवालात लिहिले, रिकाम्या जीपचे आणि भरल्या जीपचे. खाली सही केली आणि साहेबांच्या वरच्यांनाही तो पाठवून दिला. दुसऱ्या दिवसापासून माझं काम गेलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण घरी सगळ्यांना ताठ मानेने सांगितलं.

वरून फेरमोजणीचा हुकूम आला. साहेबांनी नवा इंजिनियर आणला आणि बाजाराचा दिवस मुद्दाम टाळला. म्हणजे टप रिकामा, आकडे झकास, आणि माझा अहवाल खोटा ठरणार.

फेरमोजणीच्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"पोरी, पुन्हा चौकातच वाजली! नव्या पोट्ट्यानं लिवूनबी घेतलं."

"पण काका, आज बाजार कुठाय? टप भरला कशानं?"

"कोठीनं! म्या सांगतलं, जीप पाह्यजे असन तं कोठीसकट भेटन. स्टँडावरच्या साऱ्या जीपवाल्यायनं तेच सांगतलं."

"कोठी कुठून आणली?"

"म्हातारीच्या घरून. भरून ठुली होती तिनं. तुह्यं काम गेलं म्हणून सांगतलं, तं सारी तूर अंगणात ओतली अन् म्हणे, घेऊन जाय."