घरचं बाळंतपण

पारनेरला आमच्या गल्लीतली सुईण आधी पोटातल्या बाळाशी बोलायची, मग बाईशी. त्या वर्षीच्या दुष्काळात ती दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. माझे दिवस भरत आले तेव्हा म्हणाली, "घरीच कोमट पान्यात बसवते, ताई. कळा हलक्या व्हत्यात. टँकरचं माझ्या वाटचं पानी साठवते." मी हो म्हटलं. पण तिची फुटलेली नखं बघून मन फिरलं आणि "डॉक्टर नको म्हणतात," असं खोटंच सांगितलं.

कळा सुरू झाल्यावर तीच माझी पिशवी उचलून दवाखान्यात आली. नर्सनं तिला दाराबाहेर थांबवलं. संध्याकाळी मुलगी झाली, तोवर ती पायरीवरच बसून होती.

आत येऊन म्हणाली, "डॉक्टरांचं ऐकलं ते लई बरं केलं, ताई."

डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.