टँकच्या दिवाळखोरीची फाईल

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कोर्टात माझी खिडकी तळमजल्यावर, जिन्याच्या शेजारी आहे. लग्नाचा परवाना, घटस्फोट, वारसाहक्क, शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेला दावा, सगळं माझ्याकडे. त्यामुळे लोकांची ठाम समजूत असते की दिवाळखोरीचे कागदही माझ्याच कपाटात असणार. आठवड्याला तीन-चार जण तरी येतात आणि मी तीन-चारदा तेच सांगते: दिवाळखोरीचं कोर्ट काउंटीचं नाही, देशाच्या सरकारचं आहे, आणि ते नव्वद मैलांवर इव्हान्सव्हिलला आहे. कुणाचाही विश्वास बसत नाही. एकदा एका गृहस्थाने खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकून माझी कपाटं तपासली आणि तो तिथेच अडकला. त्याला बाहेर ओढायला पहारेकरी बोलवावा लागला.

अशा लोकांना मी अर्लीन क्रोमरचा फोन नंबर देते.

अर्लीनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आता ती सदुसष्टची आहे, पण अजूनही गाडी चालवताना दर दोन मिनिटांनी आरशात बघून मागच्या रिकाम्या सीटवर डोळे वटारते. निवृत्त झाल्यापासून ती लोकांचे कोर्टाचे कागद शोधून आणते. पेट्रोलचा खर्च आणि दुपारचं जेवण, एवढीच तिची फी. गाडीत कॉफीचा थर्मास, भिंग, झेरॉक्सच्या यंत्रासाठी सुट्या नाण्यांची पिशवी आणि बसायला उशी, कारण तिच्या मते सरकारी बाकं शत्रूने बनवलेली असतात. या धंद्यात ती पडली तीही स्वतःच्याच दिवाळखोरीमुळे. नवऱ्याच्या, रॉयच्या आजारपणात चौऱ्याऐंशी साली तिचं दिवाळं निघालं. पुढे बँकेने कर्जांतून मोकळीक मिळाल्याचा कोर्टाचा हुकूम मागितला, तेव्हा ती स्वतः जाऊन शोधून आली. तिच्या केसचा नंबर तिला तोंडपाठ आहे. लग्नाची तारीख मात्र विसरते.

तिचा नियम एकच. फाईल कुणीही मागावी, कारण कागद सगळ्यांना खुला आहे; पण आत वाचलेलं बाहेर बोलायचं नाही. दिवाळखोरीच्या फाईलमध्ये माणसाची एकूण एक वस्तू लिहिलेली असते, अगदी इस्त्रीपासून दातांच्या कवळीपर्यंत. अर्ध्या काउंटीच्या घरात काय काय आहे ते अर्लीनला ठाऊक आहे, आणि ती गप्प बसते. मला हे कधी जमलं नसतं.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर होता. सोमवारी सकाळी मिस यूला पेटिट माझ्या खिडकीशी आल्या. वय एकोणऐंशी, उंची माझ्या खांद्याइतकी, डोक्यावर चर्चला जायची टोपी.

"पेग, टँकच्या दिवाळखोरीचे कागद काढ."

"मिस यूला, ते इथे नसतात."

"मला शहाणपण शिकवू नकोस. तुझ्या आईला मी वळणावर तोल सांभाळायला शिकवलंय."

ते खरंच होतं. टँक ओबरमायरचं स्केटिंगचं छताखालचं मैदान म्हणजे आमच्या गावाचं हृदय होतं. चाकांचे बूट घालून सगळं गाव तिथे गोल गोल फिरायचं आणि कोपऱ्यातल्या मंचावर मिस यूला ऑर्गन वाजवायच्या. ऑर्गन त्यांचा स्वतःचा होता. बटणांच्या कारखान्यात सहा वर्षं काम करून त्यांनी तो घेतला होता, पण पावती केव्हाच हरवली होती. एक्क्याण्णव साली टँकचं दिवाळं निघालं, इमारत विकली गेली, तिथे फर्निचरचं दुकान आलं. ऑर्गन मंचावर तसाच राहिला. मिस यूलांना वाटलं, टँकने तोही स्वतःचा म्हणून इमारतीबरोबर घालवला. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सत्त्याण्णव साली तो गेला, तेव्हा त्या मयतालाही गेल्या नाहीत.

आता फर्निचरवाल्यानेही दुकान बंद केलं होतं. आतलं सगळं सामान डग नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने घेतलं होतं, आणि शनिवारी सकाळी त्याचा ट्रक येणार होता.

"माणूस वाईट नाही," मिस यूला म्हणाल्या. "म्हणतो, ऑर्गन तुमचा आहे असा कोर्टाचा एक कागद दाखवा, मी हात लावणार नाही. नाहीतर तो शनिवारी जाणार. पेग, मला मरायच्या आधी तो एकदा तरी वाजवायचाय गं."

मी अर्लीनला फोन लावला.

मंगळवारी ती इव्हान्सव्हिलला गेली आणि फणकारत परत आली. जुन्या केसेस तिथे कार्डांवर होत्या, माणसाच्या नावाने लावलेल्या. मैदानाच्या नावाने काहीच नव्हतं. ओबरमायर आडनावाची तेवीस कार्डं होती. आणि खिडकीवरचा तरुण म्हणाला, एका अर्जावर एकच नाव शोधू, पूर्ण नाव लिहा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! टँक नावाचं कार्ड असतं होय? तो सगळीकडे टी. ओबरमायर अशी सही करायचा, म्हणून मी थिओडोर लिहिलं. थिओडोर ओबरमायर निघाला कोंबड्यांवाला. बाई गं, त्याच्या फाईलमध्ये..." इथे तिने तोंडावर हात दाबून धरला. त्या फाईलमध्ये काय होतं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही. पण थिओडोर रस्त्यात दिसला की तिला जोराचा खोकला येतो आणि ती दुकानात शिरते.

तर प्रश्न असा होता, की टँकचं खरं नाव काय. आमच्याकडे पाळण्यातलं नाव बारशापुरतं असतं. पुढे माणूस बड होतो, स्किप होतो, टायनी होतो आणि त्याच नावाने पुरला जातो. मी धावत जाऊन टँकच्या थडग्याचा दगड बघून आले. त्यावर 'टँक' कोरलेलं. वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी काढली. 'टँक'. त्याची बायको डॉट त्याच्या आधीच गेलेली, मूलबाळ नाही.

बुधवारी दुपारी आम्ही खानावळीत जाऊन सगळ्यांनाच विचारलं. मोठीच चूक केली.

"थॉमस," न्हावी म्हणाला. "पैज लाव."

"थॉमस त्याचा कुत्रा होता, गाढवा. तो थर्मन."

"थर्मन? अरे, मी त्याच्याबरोबर सैन्यात होतो!"

"मग सांग की नाव!"

"सैन्यात पण टँकच म्हणायचे."

एकाने हेन्री सांगितलं, एकाने लुईस, आणि वाढणाऱ्या पोरीने, जी टँकचं मैदान बंद झालं तेव्हा जेमतेम पाच वर्षांची असावी, ठणकावून बार्थोलोम्यू सांगितलं. पैजा लागल्या. कुणीतरी टेबलावर हात आपटताना मोहरीच्या सॉसची बाटली उलटी केली. अर्लीनने बसमध्ये ओरडायची तशी एक आरोळी ठोकली, "बसा खाली सगळे!" आणि खरंच सगळे बसले, त्यातले अर्धे तिच्याच बसमधून शाळेत गेलेले होते.

त्या शांततेत माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. डॉट! डॉट ही हुफनागलांची, पिठाच्या गिरणीवाल्यांची. त्या घरात मुलगी एकच. आणि माझ्या कपाटात लग्नांच्या वह्या दोन असतात, एक नवऱ्यांच्या नावाने, दुसरी नवरीमुलींच्या माहेरच्या नावाने.

मी सँडविच तसंच टाकून पळाले. अर्लीन मागून. खिडकीवर 'जेवणाची सुट्टी'ची पाटी होती ती तशीच ठेवून मी एकोणीसशे अठ्ठेचाळीसची वही ओढली. ह, हु, हुफनागल. डोरोथी हुफनागल, म्हणजेच डॉट. नवरा: फ्लोरियन ओबरमायर.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. टँकची उंची साडेसहा फूट, वजन तीनशे पौंड, हाताचा पंजा फावड्याएवढा, आणि नाव फुलासारखं नाजूक.

"फ्लोरियन," अर्लीन हळूच म्हणाली.

बस, मग आम्हाला काही आवरेना. मी खुर्चीवरून घसरून खालीच बसले. अर्लीन कपाटाला धरून हसत होती आणि कपाट हलत होतं. वरच्या मजल्यावर न्यायाधीशांचं काम चालू होतं, तिथून चिठ्ठी आली की तळमजल्यावर कुणाला बरं वाटत नसेल तर डॉक्टर बोलवा.

इव्हान्सव्हिलच्या तरुणाने फोनवर दोन मिनिटांत कार्ड काढून दिलं. केसचा नंबर मिळाला. पण फाईल तिथे नव्हती, बंद झालेल्या फायली शिकागोच्या सरकारी गोदामात जातात. त्याने पेटीचा नंबरही दिला, भला मुलगा. आम्ही गोदामाला फॅक्स केला. गुरुवारी उत्तर आलं: पोस्टाने हवी असेल तर दहा दिवस, स्वतः आलात तर शुक्रवारी टेबलावर ठेवू.

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. मी आजारी असल्याचं ऑफिसात कळवलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मांडीवर अर्लीनच्या हातचं पर्सिमन फळाचं पुडिंग होतं. तिचं म्हणणं, गोदामातल्या माणसांना कुणी कधी काही खायला नेत नाही. सहा तास ती आरशात बघून रिकाम्या सीटला दटावत होती आणि मी दर अर्ध्या तासाने विचारत होते, "आणि फाईलमध्ये ऑर्गनच नसला तर?"

"पेग, गप्प बस नाहीतर उतरवीन."

फाईल पातळशी होती. वाचनालयासारखी शांत खोली, आवाज करायचा नाही. अर्लीनने चष्मा लावला, उशीवर बसली आणि एकेक पान उलटू लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं. मग आणखी एका पानावर. मग तिने माझा हात इतका दाबला की अंगठी बोटात रुतली. दोन्ही पानांच्या प्रती काढून त्यांवर शिक्का मारून घेतला, पुडिंग तिथल्या बाईंच्या टेबलावर ठेवलं, अगदी सभ्यपणे बाहेर आलो आणि गाड्यांच्या मधोमध उभ्या राहून दोघींनी किंकाळी फोडली.

शनिवारी सकाळी दुकानात पोचलो तेव्हा डगच्या माणसांनी ऑर्गनला पट्टे बांधलेले होते. मिस यूला टोपी घालून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, उठायला तयार नव्हत्या. अर्लीनने कागद डगच्या हातात दिला आणि म्हणाली, "मोठ्याने वाच."

तो वाचू लागला. "प्रश्न: दुसऱ्या कुणाची वस्तू तुमच्या ताब्यात आहे का? उत्तर: हो. एक ऑर्गन, बाकासकट. मिस यूला पेटिट यांचा, त्यांच्या कमाईचा. माझी त्यातली एक पट्टीसुद्धा नाही. शपथेवर सही, फ्लोरियन ओबरमायर."

"फ्लोरियन?" मिस यूला म्हणाल्या.

"टँक," आम्ही दोघी म्हणालो.

डगने स्वतःच्या हाताने पट्टे सोडले. आम्हाला वाटलं, आता त्या आनंदाने वाजवायला बसतील. पण त्यांची नजर दुसऱ्या कागदावर गेली.

"आणि हे काय आहे?"

अर्लीन म्हणाली, "कोर्टाने कुणाकुणाला पत्र पाठवलं त्याची यादी. ऑर्गन विक्रीत धरलेला नाही, मालकिणीने कधीही यावं, असं पत्र. तुमचं नाव आहे, मिस यूला. पत्ताही बरोबर आहे."

यादीवरून बोट फिरवत त्या आपल्या नावाशी थांबल्या.

"आलं होतं," त्या म्हणाल्या. "वर ओबरमायर लिहिलेलं पाहिलं आणि न उघडता शेगडीत टाकलं." मग आमच्याकडे वळून, रडू आणि हसू एकदमच फुटून म्हणाल्या, "म्हणजे त्याला वाटलं असेल, हिला सगळं माहीत आहे. सहा वर्षं तो वाट बघत बसला असेल, आणि मी येत नाही!"

अर्लीनने त्यांना हात देऊन बाकावर बसवलं, डगने विजेची तार भिंतीत खोचली. ऑर्गनने आधी धुळीचा वास सोडला, मग घरघरला. मिस यूलांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि जोडीजोडीने फिरायचा वॉल्ट्झ सुरू केला. दोन सूर बंद पडलेले होते, त्या जागा त्यांनी तोंडाने गाऊन भरल्या. अर्लीनने बूट काढले, डगला मनगटाला धरून ओढलं, आणि मोज्यांनी घसरत ती दोघं त्या रिकाम्या दुकानात गोल फिरू लागली.

"फ्लोरियन," मिस यूला वाजवता वाजवता छताकडे बघून ओरडल्या, "आले रे मी!"